कवडीचे दुसरे अंडे

फार पूर्वी मधुवती नगरीत पुष्करसेन राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कोंबडवाडीत, कोंबड्या पाळणाऱ्या एका कुळात जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. राजे, मंत्री, सार्थवाह अशा थोर जन्मांच्या गोष्टी लोक आवडीने ऐकतात; पण बोधिसत्त्वाला खुराड्याचा कमीपणा कधी वाटला नाही. सोमिल पहाटे उठे, खुराड्याचे दार उघडे, कोंबड्यांना नाचणी टाकी आणि मग दिवसभर फारसे बोलत नसे. एखादे वाक्य त्याला सुचले, तरी ते ओठांवर यायला वेळ लागे. त्याच्या वाट्याचे बोलणे त्याची बायको धारिणी करून टाकी, आणि ते कुणाला कधी कमी पडले नाही.

ही गोष्ट मात्र त्यांची सून सामा हिची आहे.

कोंबडवाडीत एक चाल होती. वाडीत सून म्हणून येणाऱ्या मुलीबरोबर तिची आई डालग्यात कोंबडीची पिले पाठवी. त्या पिलांना वाडीत पाठराखणी म्हणत. माणसांतली पाठराखीण चार दिवस गोडधोड खाऊन परत जाते. या जात नसत. सून आणि पिले एकाच दिवशी परक्या घरात येत आणि बरोबरीने रुळत. पुढे पिलांच्या तलंगा होत. तलंग म्हणजे अजून अंडे न घातलेली तरणी कोंबडी. त्यांतली पहिली तलंग अंड्यावर आली, की ते पहिले अंडे सासरा स्वतः सुनेच्या ओटीत घाली. त्या दिवसापासून ती नवी नवरी उरत नसे. घरात तिचा शब्द ऐकला जाई, आणि कधी कधी मानलाही जाई.

हे झाले गोड. कडू असे, की नदीकाठच्या यक्षाच्या जत्रेपर्यंत एकाही तलंगेने अंडे दिले नाही, तर सगळ्या पाठराखणी वांझ ठरत आणि जत्रेच्या हंड्यात जात. हंडा साऱ्या वाडीचा, म्हणून सुनेलाही त्यातला द्रोणभर रस्सा मिळे. तो तिने सर्वांसमोर प्यायचा असे.

सामा नदीपलीकडच्या कुंभारांची पोर. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या, पण त्या मनाच्या राण्या. फुटक्या मडक्यात, मडकी भाजायच्या आव्याच्या राखेत, जिथे वाटेल तिथे अंडी घालीत. लग्न ठरले तेव्हा आईकडे उशिरा खुडूक होऊन अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीचीच पिले होती. तीच तिने दिली. त्यांत दोन काळ्या, एक तांबडी आणि एक ठिपक्याठिपक्यांची कवडी. सामाचा नवरा वप्पक अंडी घेऊन नावेने घाटोघाट फिरे आणि घरी क्वचित असे. तेव्हा नव्या घरात सामा सुखदुःखाचे बोले ते या चौघींशी. कवडी मान तिरकी करून सगळे ऐकून घेई. सामाला वाटे, हिला कळते.

शेजारच्या घरची सून रोहा सामाच्याच सुमाराला वाडीत आली होती. तिच्या तलंगा कधीच अंड्यावर आल्या होत्या. काही काम नसताना ती हातात अंडे घेऊन सामाच्या अंगणावरून जाई आणि विचारी, "तुझ्याकडं काय म्हणतायत गं?" सामा म्हणे, "बऱ्या आहेत," आणि आत जाऊन चुलीत उगीच फुंकर घाली.

एके सकाळी सामाने खुराड्यातल्या पेंढा भरलेल्या मडक्यात पाहिले, तर आत अंडे. तिला स्वर्ग दोन बोटे उरला. ते अंडे दोन्ही हातांत धरून ती गल्लीतून धावत सुटली. बायका जमल्या. रोहाच्या सासूने अंडे घेतले, दाराच्या चौकटीवर हलकेच आपटले, तर टक् असा आवाज आला. अंडे चुन्याचे होते. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. धारिणी सर्वांत जास्त हसली, आणि हसून झाल्यावर, आपल्या सुनेला हसल्या म्हणून बाकीच्यांशी भांडली.

घरी आल्यावर सोमिलाने सामाला शेजारी बसवून घेतले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ते मी ठेवलं होतं, पोरी. तलंगेला पहिल्यांदा ठाऊक नसतं कुठं बसायचं. तिथं एक अंडं दिसलं, की तिला वाटतं, आपल्याआधी इथं कुणीतरी बसून गेलंय, जागा भरवशाची आहे."

"मला सांगायचं तरी, मामंजी," सामा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"सांगणारच होतो," सोमिल म्हणाला. ते खरेच होते.

सामाने त्या दिवशी मनाशी गाठ मारली, की त्या खोट्या अंड्याला पुन्हा बोटही लावायचे नाही. एकदा झालेली शोभा पुष्कळ झाली. चुन्याचे अंडे मडक्यात परत गेले, आणि सामा रोज सकाळी लांबूनच डोकावू लागली. एक अंडे दिसे. ते कोणते, हे तिला ठाऊक होते.

जत्रा जवळ आली. कवडीचा तुरा फिकट होता तो लाल होऊ लागला. पाठीवर हात ठेवला की ती पंख पसरून खाली बसे. सोमिल म्हणाला, "आता हिला फार दिवस नाहीत." पण जत्रेलाही दिवस तेवढेच उरले होते.

आणि नेमक्या त्याच वेळी राणीला डोहाळे लागले. तिला तलंगेचे पहिले अंडे खावेसे वाटू लागले. दुसरे नको, तिसरे नको, पहिलेच. राजवैद्यानेही मान डोलावली; राणीच्या डोहाळ्यांना मान हलवून नाही म्हणणारा वैद्य अजून जन्मायचा आहे. राजाने दवंडी पिटवली, की जो कोणी असे अंडे आणून देईल त्याला नदीकाठची आमराई मिळेल. राजवाड्याच्या पाकशाळेचा प्रमुख पिंगल वाडीवाडीतून फिरू लागला. कोंबडवाडीत तर धांदल उडाली. ज्या तलंगांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांना लोक उचलून उचलून तपासू लागले. बिचाऱ्या इतक्या बुजल्या, की ज्यांचे दिवस भरत आले होते त्यांनीही अंडे आवरून धरले.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी धारिणीने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठले. सामा बाहेर नाचणी पाखडत होती. तिला सगळे ऐकू येत होते, आणि तिने पाखडणे हळू केले होते.

"आपली म्हातारी लंगडी कोंबडी आहे ना," धारिणी म्हणाली, "तिनं आज एवढंसं अंडं घातलंय, लिंबाएवढं. तलंगेचं पहिलं असतं तस्संच. ते कवडीच्या मडक्यात ठेवते. पोरीच्या कोंबड्या वाचतील, ओटी भरेल, आणि तेच अंडं राणीला दिलं तर आमराई घरात. कुणाला कळणार आहे?"

सोमिल गप्प होता.

"बोला की काहीतरी."

"कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही," सोमिल म्हणाला. "आणि न फुटलं, तरी पोरीच्या ओटीत मी खोटं घालणार नाही. तिला उद्यापासून या घरात शब्द मिळायचा. तो अशा अंड्यावर उभा करू?"

"मोठे आले खऱ्याचे," धारिणी म्हणाली. "कवडीसमोर चुन्याचं अंडं कुणी ठेवलं? तिला फसवलेलं चालतं वाटतं?"

 सोमिल म्हणाला, "यात तुझं बरोबर आहे." आणि उठून बाहेर गेला.

तो कुठे गेला ते सामाने पाहिले नाही. ती सुपात तोंड खुपसून रडत होती. तिला सासऱ्याचा राग आला होता, अगदी मनापासून. सत्य यांचे, आणि जीव माझ्या कोंबड्यांचे, असे तिला वाटले. एक लहानसे अंडे एका मडक्यातून दुसऱ्या मडक्यात ठेवल्याने कुणाचे काय जाणार होते? संध्याकाळी तिने चौघींना दाणे टाकले, तेव्हा कवडी मान तिरकी करून तिच्याकडे पाहत उभी राहिली. सामाला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्याआधीच ढोल वाजू लागले. सोमिल उजाडताच उठून, खुराड्याकडेही न जाता, वाडीचा मुखिया कुंभिल याच्याकडे गेला होता. सामाने मडक्यात लांबूनच डोकावून पाहिले. एक अंडे होते. ती मागे वळली आणि अंगणात येऊन बसली.

थोड्या वेळाने कुंभिल पंचांना आणि ढोलवाल्यांना घेऊन आला. बरोबर सोमिल होता, आणि आश्चर्य म्हणजे तो बोलत होता.

"ही पिलं उशिराची आहेत," तो सांगत होता. "उशीर म्हणजे वांझपण नव्हे. त्यांना थोडा वेळ द्या. हंडा रिकामा राहील असं वाटत असेल, तर माझ्या वाट्याचं गवताचं कुरण घ्या. पंचांतलं माझं आसनही घ्या."

"आसन शिजत नाही, सोमिला," कुंभिल म्हणाला. तो दुष्ट नव्हता; नियमाने वागणारा माणूस होता, आणि त्याला या कामाचा आनंद नव्हता. "माझ्या बायकोच्या पाठराखणीसुद्धा हंड्यात गेल्या होत्या. तिनं रस्सा प्यायला. तुझ्या सुनेला वेगळा न्याय कसा देऊ?" मग तो सामाकडे वळला. "पोरी, मडक्यात काही आहे का?"

"काही नाही," सामा म्हणाली. "चुन्याचं तेवढं आहे."

सोमिलाने चमकून तिच्याकडे पाहिले. त्याने तोंड उघडले. पण त्याला बोलायला वेळ लागतो हे आधीच सांगितले आहे. तोवर धारिणीचा संयम संपला होता. ती तरातरा खुराड्याशी गेली. "या मेल्या खोट्या अंड्यानं पहिल्या दिवशी पोरीची शोभा केली," ती म्हणाली, "आणि आज शेवटच्या दिवशीही हेच बसलंय मिरवत." तिने मडक्यात हात घातला आणि ते अंडे अंगणातल्या पाट्यावर फेकून मारले.

चुना असा फुटत नाही. पाट्यावरून पिवळा बलक ओघळला.

ढोलवाले थांबले. तेव्हा सोमिलाने कनवटीला हात घातला आणि चुन्याचे अंडे काढून तळहातावर धरले.

"काल दुपारीच काढून घेतलं होतं," तो म्हणाला. "हिचं बोलणं मला पटलं म्हणून. सांगणारच होतो."

धारिणीने कपाळावर हात मारला. मग ती हसू लागली, हसता हसता रडू लागली, आणि तिने नवऱ्याला जन्मभराचे बोलून घेतले. खुराड्याच्या दारात कवडी उभी होती. एवढे श्रम करून घातलेल्या अंड्याचे काय केले या माणसांनी, असा चेहरा करून ती पाहत होती. सामा पळत गेली आणि तिने कवडीला उचलून छातीशी धरले. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

पंचांत मात्र कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, "पण नियमात अंडं ओटीत पडायला हवं. हे तर पाट्यावर पडलं." सगळे कुंभिलाकडे पाहू लागले.

सोमिल पाट्यापाशी बसला. जेवढा बलक आला तेवढा त्याने ओंजळीत गोळा केला, कवचाचे तुकडे त्यावर ठेवले, आणि म्हणाला, "पोरी, पदर धर."

सामाने कवडीला खाली ठेवून पदर पसरला. त्याने ओंजळ तिच्या पदरात रिकामी केली. कुंभिल जवळ येऊन वाकला आणि त्याने नीट पाहून घेतले.

"ओटीत आहे," तो म्हणाला. "चला, हंड्यात भोपळा घाला."

त्या वर्षी जत्रेत भोपळ्याची भाजी झाली आणि लोक बोटे चाटीत राहिले. सामा तोच पदर घेऊन जत्रेत फिरली. धारिणीने धुवायला सांगितले, तर ती म्हणाली, "आज नाही, आत्याबाई." घरात तिने उच्चारलेला हा पहिला नकार, आणि तो मानला गेला.

दुसऱ्या दिवशी कवडीने पुन्हा अंडे घातले. या खेपेला सामाने ते हातात घेतले तेव्हा ते ऊन होते. ती ते घेऊन दारात आली, तो समोर पिंगल उभा. कोंबडवाडीत एक तलंग अंड्यावर आल्याची बातमी त्याला लागली होती. सारी वाडी त्याच्या मागे होती.

"हेच का ते?" पिंगलाने विचारले.

"हे दुसरं आहे," सोमिल म्हणाला. इतक्या चटकन बोललेले वाक्य वाडीने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

पिंगलाने घाम पुसला. "हे बघा, मी आता दमलोय. पहिलं, दुसरं, दिसायला सारखंच. तुम्ही पहिलं म्हणा, मी पहिलं म्हणतो, आणि आमराई तुमची." वाडीतून लोक ओरडले, "अहो, हो म्हणा की." रोहाची सासूही ओरडली.

 धारिणी सोमिलाकडे पाहत होती, आणि सोमिल सामाकडे. "कोंबडी तुझी, अंडं तुझं," तो म्हणाला. "आता शब्दही तुझा."

सामाने अंड्याकडे पाहिले. आमराईच्या सावलीत चौघी कशा हिंडतील ते तिला अगदी स्पष्ट दिसले. मोह तिला झाला, आणि तो खोटा नव्हता. पण पाट्यावर फुटलेले ते अंडे खरे होते. आज याला पहिले म्हटले, तर ते झालेच नाही असे म्हणावे लागणार होते. तिने सासऱ्याकडे पाहिले. परवा त्याच्यावर धरलेला राग तिला आता शोधूनही सापडेना.

"मी राणीकडे येते," ती पिंगलाला म्हणाली. "तिलाच सांगते."

राजवाड्यात राणी उशांना टेकून बसली होती आणि तिच्यापुढे टोपल्याच टोपल्या होत्या. दवंडी फिरल्यापासून राज्यातून अंडी येत होती, आणि प्रत्येक अंडे पहिले होते. बदकाची आली होती, टिटवीची आली होती. एका म्हाताऱ्या कोंबडीला तर तिच्या मालकाने शपथेवर तलंग ठरवले होते. त्या टोपल्यांवर विश्वास ठेवायचा, तर राज्यात कुठल्याच कोंबडीने आजवर दुसरे अंडे घातले नव्हते. राणीला आता अंड्यांकडे पाहवत नव्हते.

"हेही पहिलंच असेल," ती म्हणाली.

"नाही, राणीसाहेब. हे दुसरं आहे."

राणी उठून बसली. "आणि पहिलं?"

सामाने पदर पसरून पिवळा डाग दाखवला आणि घडले तसे सांगितले. चुन्याचे अंडे सांगितले, सासूबाईंचा राग सांगितला, मामंजींचे "सांगणारच होतो" सांगितले. आधी राणीच्या ओठांचे कोपरे हलले. मग ती इतकी हसली, की दासी वैद्याला बोलवायला धावल्या. "फेकून मारलं?" राणी पुन्हा पुन्हा विचारी, "पाट्यावर?" आणि पुन्हा हसे. हसून दमल्यावर तिला भूक लागली. तिने ते दुसरे अंडे उकडून आणवले आणि मीठ लावून तिथेच खाल्ले.

"आमराई दवंडीप्रमाणे तुझी होत नाही," राणी म्हणाली. "पण मी देऊ शकते. घेशील?"

सामाने थोडा विचार केला. "राणीसाहेब, आमराई राहू दे," ती म्हणाली. "आमच्या वाडीत उशिरा अंड्यावर येणाऱ्या तलंगा हंड्यात घालतात. माझ्या वाचल्या, कारण आत्याबाईंना वेळेवर राग आला. पुढच्या सुनेच्या सासूला तो येईलच असं नाही. तेवढं थांबवा."

राणीने राजाला सांगितले आणि राजाची आज्ञा कोंबडवाडीत पोचली. कुंभिलाने ती पंचांपुढे वाचून दाखवली. घरी जाऊन त्याने ती आपल्या बायकोलाही ऐकवली. ती बाई तरुणपणी सर्वांसमोर रस्सा प्याली होती. ती उठली आणि कितीतरी वर्षांनी यक्षाला फुले वाहायला गेली. पुढल्या जत्रेत वाडीत आलेल्या नव्या सुनेच्या तलंगा अजून अंड्यावर आल्या नव्हत्या. त्या हंड्याभोवती सांडलेले दाणे टिपत निवांत हिंडत होत्या, आणि ती सून द्रोणातली भोपळ्याची भाजी खात त्यांच्याकडे पाहत होती.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली, ती अशा प्रसंगाने. काही नव्या भिक्षुणी आपापल्या ध्यानात काय काय दिसले ते एकमेकींना सांगत होत्या. कुणाला तेज दिसले होते, कुणाला आकाश उघडलेले दिसले होते. इसिला नावाची भिक्षुणी मात्र म्हणाली, "मला अजून गुडघे दुखण्यापलीकडं काही अनुभव आलेला नाही." बाकीच्या हसल्या. हे शास्त्यांच्या कानी गेले, तेव्हा त्यांनी सर्वांना जवळ बोलावून वरची कथा ऐकवली. कथा संपता संपता सगळ्या पुन्हा हसत होत्या, पण आता इसिलाही त्यांच्यात होती.

मग शास्ते म्हणाले, "त्या वेळची सामा ती ही इसिला. धारिणी म्हणजे आपल्यासाठी भात रांधणारी उपासिका गोमा. तिच्या हातात पळी असली, की अजूनही जपूनच असावे. नियम सांभाळणारा कुंभिल तो आज विहाराचे भांडार सांभाळतो. हसणारी राणी ती, जिने हा विहार बांधायला जागा दिली. आणि सोमिल तो मीच होतो. न झालेले झाले म्हणू नये, झालेले लपवू नये, आणि ज्याला उशीर लागतो त्याला वेळ द्यावा. हिला सत्यपारमिता म्हणतात."

इसिलाने वंदन केले आणि हळूच विचारले, "आणि कवडी, भगवन्?"

शास्ते बराच वेळ गप्प राहिले. "ती अजून यायची आहे," ते म्हणाले. "तिची वाट पाहू."